सूचनाफलक, दुसरं सत्र

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा फलकावर
अजून सहामाहीचंच वेळापत्रक होतं,
खालच्या दोन ओळी कुणीतरी बाहीनं पुसलेल्या.
मी ओलं फडकं फिरवलं.
खडूचा पांढरा ओघळ भिंतीवरून
थेट चपलांच्या रांगेपर्यंत गेला.

मग लिहायला घेतलं:
उद्यापासून पहिली घंटा अर्धा तास उशिरा. थंडी आहे.
स्वेटर कुठल्याही रंगाचा चालेल.
(हे मी हेडसरांना विचारलेलं नाही.)
डब्याचं एक झाकण सापडलं आहे, त्यावर 'वेदांग' कोरलंय.
वेदांग म्हणतो, माझं नाही.
आनंद मेळाव्यात भेळ तिसरीची.
चौथीनं पुन्हा भेळ मागू नये.
सहल नांदूरमध्यमेश्वरला.
तिकडे हिवाळ्यात लांबून पक्षी येतात.

त्याच आठवड्यात मोहना भोये आली,
पेठ तालुक्यातून, आईबापांच्या मागोमाग
मखमलाबादच्या उशिरा छाटलेल्या बागांत.
हातात हमी कार्ड, चार घड्या पडलेलं.
हजेरीत तिचं नाव एकेचाळिसावं,
शाई वेगळी, कारण तोवर माझं पेन बदललेलं.

फलकाचा डावा कोपरा मुलांचा: 'आजची बातमी'.
आमच्या मांजरीला तीन पिल्लं झाली.
पप्पांनी गाडी बुक केली, पांढरी.
काल रात्री लाइट गेली होती, मी घाबरलो नाही.
बुधवारी खडू मोहनाकडे आला.
टाचा उचलून तिनं लिहिलं,
शिरोरेघ शेवटी, एका दमात:

काल बाबानं लई डोळे फोडले.
आज पण फोडणार.

वर्ग चिडीचूप.
ओजसची पेन्सिल तोंडातच राहिली.
मधल्या सुट्टीत बातमी फाटकाबाहेर पोचली,
आणि शाळा सुटायच्या आत भडांग्यांच्या आईचा फोन:
"बाई, कुठली मुलं घेता हो तुम्ही वर्गात?"

मी मोहनाला बाजूला घेतलं.
ती माझ्यावरच हसली.
"काडीचे डोळे, बाई.
छाटणी झाली का डोळ्याला पेस्ट लावायची,
गेरू कालवून. मंग कळतं, कुठला राहिला.
आठ-दहा दिसांनी फुटतो.
नाय फुटला तर घड कुठून येल?"
दिवसाला किती डोळे गं?
"आमी नाय मोजत. शेठ मोजतो. झाडं."

एकवीस वर्षं मी या गावात द्राक्षं खातेय.
सालागणिक भाव सांगेन.
आंबट निघाली तर परत द्यायला जाते.

बातमी पुसली नाही.
तिच्याकडूनच खाली चित्र काढून घेतलं:
काडी, काडीवर गाठ, गाठीत ठिपका, ठिपक्याला बाण.
भडांग्यांच्या मुलानं त्याला गुपचूप पापण्या काढल्या.
त्याही ठेवल्या.

शुक्रवारी सहलीची संमतिपत्रं आली.
बहुतेकांवर सही, एकावर चहाच्या कपाचं वर्तुळ,
मोहनाच्या कागदावर अंगठा.
शाई लागलीच नव्हती त्याला,
गेरूचाच उठला होता, रेघ न् रेघ.
आणि निरोप: बाबा इचारतो,
पक्षी बघायचे दीडशे कशाला?
मी शाळा निधीची वही काढली.
उगाच दोनदा चाळली. मग पर्स काढली.

स्नेहसंमेलन चोवीस जानेवारीला.
नाटकात सूत्रधार लागतो, मागच्या बाकापर्यंत
आवाज जाईल असा, आणि तसा एकच आहे वर्गात.
पण तोवर विरळणी उरकलेली असेल,
बिऱ्हाड इथं असेल की दुसऱ्या बागेत
की परत पेठच्या वाटेला,
ते तिच्या बापालाही ठाऊक नाही.
यादीत बाकीची नावं पेनानं लिहिली.
तिच्या नावापाशी पेन्सिल घेतली,
टोक काढलं, पुन्हा काढलं,
आणि शेवटी पेनानंच लिहिलं.

सोमवारी डाव्या कोपऱ्यात एकच शब्द होता,
मी यायच्या आधीच, कुणाचीही पाळी नसताना:
फुटले.

खाली ओजसच्या अक्षरात: दाखवायला आणशील का?
त्याखाली तिचं: तोडत नसतात.

झाकण अजून ऑफिसात आहे.