काप

त्या ऑगस्टात बाबांनी आठ दिवस भाड्यानं घेतलेल्या
शिडाच्या बोटीचं नाव होतं बोनाट्सा,
म्हणजे निवांत समुद्र.
पाच दिवस नावाला जागली बिचारी.
आम्ही बेटाबेटांवर उतरून अंजिरं खाल्ली,
मिर्ताच्या नाकाची सालं निघाली,
आणि आईबाबा नांगरावरून भांडले,
कुणी किती साखळी सोडली ह्यावरून,
रात्रभर, कुजबुजत,
जणू पातळ फळीपलीकडे मुलं नसतातच.

सहाव्या दिवशी जुगो सुटला.
दक्षिणेचा ओला वारा. म्हातारी माणसं म्हणतात,
जुगोत कुठल्या कागदावर सही करू नये.
आभाळ धुण्याच्या पाण्यासारखं.
लास्तोवोच्या टोकाशी, कड्यापासून हाकेवर,
एक मचवा आडवा लोळत होता.
स्वतःचंच जाळं पंख्यात गुंतलेलं.
दोन म्हातारी माणसं, बहीणभाऊ.
तो ओणवा होऊन पाण्यात कोयता मारत होता,
ती नुसती उभी, कंबरेवर हात,
उशिरा येणाऱ्या बसकडे बघावं तशी
आमच्याकडे बघत.

"जाऊ या?" बाबा म्हणाले.
कालपासून आईशी बोललेला पहिला शब्द.
आई उत्तर न देता शीड उतरवू लागली.

दोर तीनदा फेकला.
पहिल्यांदा वाऱ्यानं आमच्याच तोंडावर आणला,
दुसऱ्यांदा पाणी प्यायला,
तिसऱ्यांदा म्हातारीनं वरच्यावर झेलला
आणि लगेच ओरडली,
"एकाच खुंटीला नको, गाढवा! उपटून निघेल!
दोन्हीकडून बांध!"
बाबा शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे.
त्यांनी दोन्हीकडून बांधलं.

मग स्वयंपाकघरातली पावाची सुरी
माझ्या हातात दिली.
"इथं बस, दोरापाशी.
मी 'काप' म्हटलं की कापायचं.
विचार करायचा नाही."
मी अकरा वर्षांचा होतो.

दोर ढिला पडायचा, दिसेनासा व्हायचा,
मग एकदम वर यायचा
पिळलेल्या फडक्यासारखा, पाणी गाळत.
त्याच्या त्या टोकाला ती होती.
तिनं सुरी पाहिली.
डोक्याचा रुमाल घट्ट केला,
आणि पुन्हा कंबरेवर हात.

किती वेळ गेला सांगता येत नाही.
एका लाटेनं मचव्याला मागे खेचलं,
आमची मागची बाजू पाण्यात दबली,
माझ्या गुडघ्यांवर समुद्र आला,
मिर्ता किंचाळली,
आणि बाबांनी तो शब्द उच्चारला.
आमच्या भाषेतही तो दोनच अक्षरांचा आहे.

मला ऐकू आला.
सुरीचे दात दोरावर टेकलेले होते.
एक पीळ तुटलासुद्धा, टच्.
मी तिच्याकडे पाहिलं, आणि
थांबलो म्हणावं, की गोठलो,
तेवढ्यात लाट निघून गेली.

बंदरात शिरलो तरी माझी मूठ उघडेना.
म्हातारी न विचारता आमच्या बोटीवर आली,
ओल्या बुटांनिशी. दिंका तिचं नाव.
माझी बोटं एकेक करून सोडवली,
करंगळीपासून,
जाळ्यातून लहान मासा सोडवावा तशी.
मग त्याच सुरीनं आमचाच पाव कापला,
कागदातून तळलेले मासे काढले,
म्हणाली, "काटे काढू नका, चावून खा."
आभार वगैरे काही नाही.
तिचा भाऊ फ्राने मात्र रडला,
आणि कोयता पाण्यात पडला म्हणून तिनं त्याला झापलं.

आज मी त्रेचाळीसचा. दर नाताळात
बाबा ही गोष्ट सांगतात, दोन्ही हातांनी लाटा करून.
"पोरगं सुरी घेऊन बसलं होतं," ते म्हणतात,
"पण मला एकदाही 'काप' म्हणावं लागलं नाही."
आई ताटातलं हाड बाजूला सारते.
वाऱ्याचा आवाज असेल, मीही म्हणतो.

फक्त, बोट परत करताना
कंपनीच्या माणसानं यादी वाचली होती:
एक पेला फुटला. एक उशी भिजली.
दोर, एका ठिकाणी सुरीची खूण.
त्यानं मान वर केली. "ही कशी?"

बाबांनी माझ्याकडे न बघता
पाकिटातून कुना मोजून दिले,
आणि पावती न घेताच
धक्क्यावरून चालू लागले.