दोन वाव

साखळी दोन वाव लांब आहे.
हात पसरून मी दोनदा मोजली,
आणि ती संपते तिथून तीन पावलं अलीकडे
टाचेनं बर्फात रेघ ओढली.
इवालू, ही रेघ.
हिच्या पलीकडे तुझं काही नाही.
चेंडू गेला तर गेला.
हातमोजा उडाला तर उडू दे,
आई दुसरा विणेल.

ती ऐकते, आणि रेघेपलीकडे बघते.
तिथे बटाटा बसलाय.

जूनमध्ये जन्मला तो, उपड्या होडीखाली,
डोळे मिटलेला, मातकट, गोल.
डेन्मार्कच्या जहाजातून येणाऱ्या बटाट्यांच्या पोत्यात
सहज खपून गेला असता,
म्हणून हे नाव, तिनंच ठेवलेलं.
रात्र न होणारा तो अख्खा उन्हाळा
तिच्या मागे मागे वस्तीभर हिंडला,
तिच्या बुटाची नाडी खाल्ली,
तिच्या मांडीवर घोरला.
डिसेंबरात मी त्याला खुंटीला बांधलं.
सहा महिन्यांचा झाला की मोकळा ठेवायचा नाही,
इथला नियमच आहे.

"पण तो तोच आहे ना?"

तोच आहे. आणि नाहीही.
आता त्याच्या आजूबाजूला अकरा जण आहेत.
एकाला भूक लागली की बाराही जणांना लागते.
तू उभी असतेस तोवर माणूस असतेस.
घसरून पडलीस की उंची जाते,
मोज्यांना सीलच्या चरबीचा वास,
त्यात तू ओरडणार.
जमिनीवर पडून ओरडणाऱ्या, चरबीचा वास येणाऱ्या गोष्टीला
ते एकाच नावानं ओळखतात.

तिनं माझ्या भुवईवरच्या वणावर बोट ठेवलं.
हा कशानं झाला ते तिला ठाऊक होतं.
पुढचं नव्हतं. आज सांगितलं.

तुलुगाक. बाबांचा म्होरक्या, डोमकावळ्यासारखा काळा.
मी पाच वर्षांचा. तो झोपला होता.
मी मागून जाऊन मिठी मारली,
बस, एवढंच.
नर्सनं सात टाके घातले,
आणि पाचव्या की सहाव्या टाक्याला
खाडीकडून एकच बार ऐकू आला.
बाबा उशिरा आले, हात धुतले, जेवले नाहीत.
त्या हिवाळ्यात स्लेज कधी सरळ चाललीच नाही.
टाके मात्र आठ दिवसांत निघाले.

इवालू बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"तुलुगाकला रेघ नव्हती?"

नव्हती, पोरी.
कुणी ओढलीच नव्हती.

रात्रभर भुरभुर पडत राहिलं.
सकाळी (सकाळ म्हणजे घड्याळातली, उजेड फेब्रुवारीत येईल)
बाहेर आलो तर रेघ बुजलेली,
आणि दिव्याच्या खांबाखाली इवालू,
जीभ बाहेर काढून, टाच दाबत दाबत
नवी रेघ ओढतेय,
माझ्या रेघेहून तिची चार पावलं आणखी अलीकडे.
पावलं तिची, म्हणजे माझी दोन.

मग तिनं हॅलिबटचं एक डोकं भिरकावलं.
ते मध्येच पडलं.
बटाटा झेपावला, साखळी तारेसारखी ताणली,
मागचे पाय हवेत, श्वासाची वाफ,
डोकं नाकापासून वीतभर लांब.
मी धावणार होतो.
ती हलली नाही.
"बाबा," ती म्हणाली, हळू, ओरडायचं नाही म्हणून हळू,
"लांब काठी आण."

ती झोपल्यावर
कपाळाला दिवा बांधून मी बाहेर पडलो.
खुंटी हलवून पाहिली,
मोजे काढून एकेक कडी बोटांनी चाचपली.
एक झिजलेली वाटली. नसेलही.
तरी बदलली.
बटाट्यानं माझं मनगट तोंडात धरलं, अलगद,
त्याला वाटलं, खेळायला आलोय.