बर्फ उशिरा आला

ग्रिम्स्बीच्या गोदीमागे, नगर अभिलेखागाराच्या तळमजल्यावर
मी दीड वर्षाच्या करारावर जुने कागद स्कॅन करते.
तिथे ओळख झाली यूफीमिया ब्लँकिनबाईंशी.
वारल्या त्याला ऐंशीच्या वर वर्षं झाली,
पण गावात विचारा कुणालाही.
इंग्रजीतली सगळ्यात वाईट कादंबरी आमच्याकडे लिहिली गेली
याचा इथे कोण अभिमान;
फुटबॉलचा संघ हरतो, ही मात्र कधी हरत नाही.

दर नोव्हेंबरात पबच्या वरच्या खोलीत वाचन.
दंतवैद्य कॉटम टाय सारखा करून उभे राहतात:
“त्याच्या नेत्रांच्या निळ्या तळघरांतून
दुःखाचे भाडेकरू एकेक पायरी खाली उतरले
आणि गालांच्या ओसाड गल्लीत बिऱ्हाड शोधू लागले.”
कुणीतरी ओरडतं, तळघराच्या खाली कुठे, डॉक्टर?
दरवर्षी हाच प्रश्न. दरवर्षी तेवढाच हशा.
मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
पुढे नायिका दचकते, तर तिच्या काळजाचा घोडा
खिडकीतून उडी टाकून
समुद्राला लग्नाची मागणी घालतो!
मिरजेच्या आमच्या सप्रेबाईंनी तांबड्या शाईत लिहिलं असतं,
शब्दबंबाळ.
नमनालाच घडाभर तेल, आणि समई कुठाय?

मार्चमध्ये एका खोक्यातून हिशेबाच्या वह्या निघाल्या.
हॉल्डन आणि मुलगे, मासळीचे ठोक व्यापारी.
कारकून: यू. ब्लँकिन.
एकोणीस वर्षं, पहाटे पाचपासून, तेच तिरकं अक्षर.

हॅडक बारा पेट्या. दोन खराब. बर्फ उशिरा आला.
कॉड चाळीस. ‘मार्जरी’ आली नाही.
कॉड सव्वीस. ‘मार्जरी’ आली नाही.
रविवार.
‘मार्जरी’ आली नाही.
‘मार्जरी’चं खातं बंद. माणसं नऊ.
जॉर्ज ब्लँकिनचा पगार बुधवारपर्यंतचा धरला.
पैसे मिळाले. यू. ब्लँकिन.

एक शब्द जास्त नाही. एक विशेषण नाही.
सप्रेबाईंनी दहापैकी दहा दिले असते.
मी यंत्र बंद करून थोडा वेळ हातमोजे काढले, पुन्हा घातले.

मग पाहिलं, वही उलटी धरली की
मागून कादंबरी सुरू होते.
पेन्सिलीनं, घाईघाईत, बहुधा जेवणाच्या सुट्टीत:
घोडा, तळघरं, भाडेकरू, चंद्राचं फाटकं उपरणं.
इकडून मासे येतात, तिकडून ऑर्लिंडा येते,
आणि एकशे बाराव्या पानावर दोघी समोरासमोर थांबतात.
मध्ये दोन बोटं कोरी जागा. तिथे माशाचा एक खवला,
अजून चकाकणारा.

फॉर्मवर विषयाचा रकाना होता. व्यापार की साहित्य?
एकच लिहायची परवानगी.
मी चहा प्यायला गेले.

या नोव्हेंबरातही कॉटमनी टाय सारखा केला.
भाडेकरू उतरले. गल्ली तशीच ओसाड.
वाक्य वाईटच आहे हो, मी काय सांगू,
मला पुन्हा हसू फुटलं, बिअर नाकात गेली.
तळघराच्या खाली कुठे, डॉक्टर?
“पाणी,” मी म्हणाले,
मराठीत निघालं तोंडातून.
शेजारच्या बाईनं जग पुढे सरकवला.