लात्वानिस

थांब, रेनार्स. आधी बाह्या खाली कर.
रबरी मोजा बाहीवरून ओढ,
रस फट बघून शिरतो, धिटाई बघून मागं फिरत नाही.
चष्मा लाव. लाव म्हणते ना.
वाल्मिएराच्या कार्यालयानं तुला फावडं दिलं,
एक कागद दिला, कागदावर रंगीत चित्र.
तो घडी घालून खिशात ठेव आणि हे बघ:

देठ मनगटाएवढा, त्यावर जांभळे डाग,
कुणी चिमटे काढून गेल्यासारखे,
डागाडागातून राठ, पांढरे केस.
उंची? तुझ्या डोक्यावर तू अजून एकदा उभा राहिलास तर.
आणि नाव बघ, आमच्या देशाच्या नावाला चिकटलेलं,
सोयरा असल्यासारखं.
जवळ जाऊन वास घेऊ नकोस, मी सांगते.
शेपूच्या गोतातला आहे, गाजराच्या, जिऱ्याच्या.
चांगल्या घरचा.
म्हणून तर कुणी चौकशी केली नाही.

ती ओढ्याकाठची, गुळगुळीत देठाची,
फुलांचा चेंडू डोक्यावर धरलेली,
तिला हात लावू नकोस. ती इथलीच. मधमाश्यांची.
गेल्या वर्षी एका पोरानं घाईत तिलाच कापलं
आणि हा मागं उभा, छत्री उघडून.

फावडं तिरकं. वीतभर खोल.
मुळ्यासारखी पांढरी मान दिसेल, तिथं तोड.
वरवर छाटलास तर मरत नाही, थांबतो.
फुलायचं राहिलं की वर्षानुवर्षं थांबतो हा,
एकदा फुलला, बी सांडलं, की आपणहून मरतो.
म्हणून फुलांची छत्री आधी, हळूच, पिशवीत. गाठ मार.
गवत कापायचं यंत्र नको, ते रस उडवतं.
आणि रस अंगावर पडला तरी काही बोलत नाही,
ऊन लागेपर्यंत.

काय विचारलंस?
खाजकुयलीच्या या गर्दीत पुढचं रोप कुठं, हे न बघता कसं कळतं?

सत्तर सेंटिमीटर.
ओळीतलं अंतर आहे ते.
एकोणीस वर्षांची होते, कोलखोजची पेरणी माझ्याकडं.
गाईंसाठी चारा, एकदा पेरा, दहा वर्षं कापा.
गाईंनी खाल्लाही. दुधाला बडीशेपेचा वास यायला लागला,
शाळेतली पोरं कप पालथे घालायची.
मला बक्षीस म्हणून रेडिओ मिळाला.
अजून चालतो.

इमान्त्स, माझा भाऊ, पोकळ देठाची पिपाणी करून
दुपारभर नदीकाठी वाजवत बसला होता.
लग्नाच्या फोटोत त्यानं तोंडावर हात धरलाय,
लोकांना वाटतं हसू आवरतोय.

पेरावं तसं उगवतं म्हणतात.
खोटं आहे. मी चार हेक्टर पेरलं होतं.

बघ, ढग फाटायला लागला,
जूनमधलं ऊन इथं रात्री दहापर्यंत उठत नाही.
मोजे उलटे करून काढ, बाहेरची बाजू आत.
साबण त्या बादलीजवळ आहे. गार पाण्यानं, सावकाश.
मनगटाशी थेंब लागलाय तुझ्या, दिसला मला.
दोन दिवस तो हात झाकून ठेव,
बसमधून कुणाला निरोप द्यायलाही
खिडकीबाहेर काढू नकोस.