डावीकडचं शहर

चाळीस वर्षं मी बडोदं पाहिलं ते मागच्या सीटवरून.
पाय एका बाजूला,
एक हात स्टेपनीला, दुसऱ्या हातात पदर.
म्हणजे डावं बडोदं.
रावपुऱ्यातला चष्मेवाला मला ठाऊक होता,
त्याच्या समोर कोण बसतं ते नव्हतं.

येताना दिसायला हवं होतं, म्हणा.
पण येताना अंधार असायचा,
मांडीवर मेथीची पिशवी, पिशवीवर झोपलेला हेरंब,
आणि माझं सगळं लक्ष
त्याच्या पायातून निसटू बघणाऱ्या चपलेकडे.

हे गेले. हेरंबनं पर्थहून पैसे पाठवले,
आई, आता रिक्षानं फिरत जा.
मी त्यात माझे थोडे घातले आणि दुचाकी घेतली.
समोरच्या झरणानं पोलो ग्राउंडवर शिकवली.
‘माशी, पहिलां ब्रेक मारो,
भगवानने पछी बोलावजो.’

दुपारी निघते, ओटले झोपलेले असताना.
मांडवीला वळसा घालून घडियाळी पोळीत शिरले
तेव्हा कळलं, दुचाकीला रिव्हर्स नसतो.
पुढे गाय, मागे पितळेच्या भांड्यांची हातगाडी,
आणि वरच्या खिडकीतून एक म्हातारी
गुजरातीत मला मागे कसं यायचं ते सांगतेय,
डावा पाय, हवे जमणो, डावा,
जणू मीच तिची उशिरा चालायला लागलेली नात.

अलकापुरीत माणसं दिसली नाहीत. कुंड्या दिसल्या.
फत्तेगंजात चर्चच्या भिंतीला टेकून पोरं ऑम्लेट खात होती,
त्यांनी मला आंटी म्हटलं.
दांडिया बाजारात मी काकू, पोळीत माशी,
एका टाकीच्या पेट्रोलमध्ये
तीन नाती बदलून घरी आले.

पाणीगेटच्या पलीकडे मात्र
हे मला कधी नेत नसत.
कर्फ्यूच्या त्या वर्षानंतर लांबून जायचे, वाडीवरून.
का, ते मी विचारलं नाही.
समोर त्यांची पाठ असायची,
पाठीला काय विचारणार.

उत्तरायणाला महिना होता.
बांबूंच्या मध्ये गुलाबी दोरा ताणलेला, फूटपाथभर,
बोटांना चिंध्या गुंडाळलेला एक माणूस
त्याच्याशेजारून मागेपुढे चालत होता,
दिवसाला किती कोस होत असतील कोण जाणे.
माझ्या गळ्याकडे बघून त्यानं काम थांबवलं.
‘आमारो ज दोरो छे, बेन,’ म्हणाला,
आणि हँडलला तारेची कमान बसवून दिली.
पैसे घेतले. वीस कमी घेतले.
नाव विचारलं, गुलामनबी.
त्यानं माझं विचारलं. किती दिवसांनी
कुणी माझं नाव विचारलं होतं.
कुंदा, म्हटलं. कुंदा दाभोळे, मागून पुढे आलेली
हे मनात.

परतताना काळा घोडा, विश्वामित्रीचा पूल.
इथं हे दरवेळी ओरडायचे, ‘मगर बघ, मगर!’
मगर उजवीकडे असायची.
मी मान वळवेपर्यंत पूल संपायचा.
‘दिसली?’
‘हो.’
चाळीस वर्षं मी हो म्हणत आले.
कधी लांबीही सांगितली.

आज गाडी कडेला लावली,
रस्ता ओलांडून उजव्या कठड्याशी गेले.
गाळ. गवत. देवाच्या तसबिरीची काच फुटलेली चौकट.
एक ओंडका.
भुईमूग खाणारा एक पोरगा म्हणाला, ‘ए ज छे.’
मला ओंडकाच दिसत होता.
मी उभी राहिले. ऊन उतरलं.
ओंडक्यानं सावकाश, कंटाळून, एक डोळा मिटला.

बाई, एवढीशी होती.
मी त्यांना दहा फूट सांगायचे
आणि ते खूश व्हायचे.