उंबऱ्याच्या बाहेर

माझ्या आईनं बत्तीस वर्षं
त्या दुकानाच्या उंबऱ्याला टेकून अंडी विकली,
आत एकदाही पाऊल टाकलं नाही.
उकडलेली अंडी, कांदा, तिखटमीठ,
दोऱ्यात ओवलेले वर्तमानपत्राचे चौकोन.
आतला इतिहास ती पायांवरून ओळखायची:
कुणाच्या वहाणा करकरत आत गेल्या
आणि कुणाच्या, हातात धरून बाहेर आल्या.

सगळ्यात आधी कलाल. बाळाप्पा.
बायकोची पुतळ्यांची माळ गहाण टाकून
त्यानं दरबारी अबकारीचा लिलाव घेतला.
तेव्हा खुर्च्या नव्हत्या.
माठ होते, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले,
आणि मातीनं माखलेलं पोर दारात दिसलं की
बाळाप्पा आतूनच ओरडायचा,
"तालमीत जा रं. वस्ताद माझी मान मोडंल."
हे आई पाहिल्यासारखं सांगायची.
तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता.

मग संस्थान गेलं आणि दारूबंदी आली.
दोघी एकाच गाडीतनं उतरल्या
असं बाळाप्पाची सून काशव्वा म्हणायची.
माठ फुटले. खड्ड्यांत पंचगंगेची वाळू.
जागा शमशुद्दीन बागवानानं घेतली,
गोळी-सोड्याचा कारखाना काढला:
मशीन एक, बाटल्या तीनशे.
जैनबभाभी अंगठ्यानं गोळी दाबून बघायची,
तो अंगठा शेवटपर्यंत चपटा राहिला.
फक्त सोडा, शमशुद्दीन शपथेवर सांगायचा.
पण सोडा प्यायला माणसं रात्री दहाला का येतात
आणि जाताना स्वतःची गल्ली का चुकतात,
हे फौजदारानंही कधी विचारलं नाही.
त्याचीही बाटली ठरलेली.

परमिट निघाल्यावर कारकळहून वासुदेव शेट्टी आला.
एक ट्रंक, आणि मराठी एवढीच:
बसा. उठा. उधार नाही.
तिसरं त्याला कधी जमलं नाही.

माझा बाप उद्यमनगरात मोल्डर.
शनिवारी पगार.
तो आत, आई दारात,
मी मधे, "चला" म्हणायला पाठवलेला.
बाप पोऱ्याला सांगायचा, दोन अंडी आण.
पोऱ्या बाहेर जायचा, आईकडून घ्यायचा,
रोख पैसे तिच्या हातावर ठेवायचा.
एक अंडं बाप खायचा, एक मला.
आई म्हणायची, दारुडा आहे,
पण बायकोचे पैसे बुडवत नाही.

त्या ऑगस्टात पंचगंगा कुंभार गल्लीतून चढली,
काउंटरवर सहा दिवस बसली
आणि बिल न देता निघून गेली.
बाप तोवर नव्हता. वासुदेवही नव्हता.
दुकान त्याची लेक चालवते, चंद्रिका.
तिनं हाक मारली, आक्का, जरा झाडू घेऊन या.
आईनं उंबऱ्यावर चप्पल काढली,
देवळात काढावी तशी,
आणि गुडघाभर चिखलात उतरली.

भिंत सोलली होती. वरचा निळा शेट्टीचा,
त्याखाली बागवानाचा हिरवा,
तळाशी कलालाची गेरू.
फुगलेलं प्लायचं कपाट ओढलं
तर मागं खिळ्यानं कोरलेली कानडी अक्षरं,
छातीपासून जमिनीपर्यंत.
चंद्रिकानं बोट फिरवत वाचलं:
मोल्डर. अंडी दोन.
मोल्डर. अंडी दोन.
मोल्डर. अंडी दोन.
खाली कुठंच जमा नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
बाहेर कुणीतरी गाद्या आपटत होतं.
चंद्रिका म्हणाली, जाऊ दे आक्का, पुसून टाकू.
आईनं तिचा हात धरला.
कंबरेची पिशवी सोडली, परत बांधली.
मग भिंतीजवळ वाकून
बोटानं रेघा मोजायला लागली,
कानडी येत नसताना,
वरून खाली, पुन्हा वरून.

"दोन जास्त लिवलीत तुझ्या बापानं," म्हणाली.
"त्या शनिवारी मी आलेच नव्हते.
ह्याला गोवर होता."