ळ

सावद्याच्या रस्त्याला पॅकिंगचं शेड आहे,
तिथे खोक्यांची मोजदाद मी ठेवतो.
तेरा तीनशे, तेरा तीनशे, तेरा सातशे,
तीन केळं तोड रे सैफुल.

सैफुल मालद्याचा. तोडतो आणि म्हणतो, कॉला.
कंटेनरचा ड्रायव्हर कानपूरकडचा, म्हणतो, केला.
खोक्यावर अरबी छापलंय, उजवीकडून डावीकडे,
एका दलालानं वाचून दाखवलं होतं: मौज.
तेव्हापासून आम्ही दिवसभर मौज भरतो.
तुरटीच्या पाण्यात मौज बुडवतो,
पंख्याखाली सुकवतो,
फोमात गुंडाळून, पिशवीतली हवा ओढून,
तेरा अंशांवर न्हावाशेव्याला लावून देतो.

जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरनं मोबाइलवर यादी वाचली,
जगात सगळ्यात जास्त बोलल्या जाणाऱ्या भाषांची.
इंग्रजी. चिनी. हिंदी. स्पॅनिश.
सैफुलनं घास तसाच धरून विचारलं, बांगला कितवी?
आकडा ऐकला
आणि लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली,
बक्षीस दिल्यासारखी.
मराठी जरा खाली होती, पण होती.
"आणि तुमच्या घरची?" सुपरवायझर टेंभुर्णीचा, हसत होता.
म्हटलं, ती मराठीतच धरतात.
वाटेत माल सुकतो म्हणून तेरावर तीनशे ग्रॅम
जादा भरतो ना आपण,
तशी.
खोक्यावर तेराच लिहिलेलं असतं.

चौथीत वाघुळदे सरांनी मला बाकावर उभं केलं.
म्हण, केळी.
केयी.
डोळा.
डोया.
काळा. काया. फळा. फया.
गावंढळ आहेस!
गावंढय, मी म्हणालो. खरंच मुद्दाम नव्हतं.
पट्टी वर गेली
आणि तेवढ्यात दारात डबा घेऊन एक म्हातारी:
"वाघुयदे मास्तरचा वर्ग हाच का रे, भाऊ?"
ती त्यांची आई होती.
पट्टी वरच राहिली. नंतर सरांनी तिनंच
पाठीला खाजवलं, आणि भूगोल काढायला सांगितला.

आता रात्री वजनकाट्याचा दिवा घालवताना
ती यादी मी पुन्हा मनात चाळतो.
इंग्रजीला ळ नाही.
कानपूरवाल्याला म्हटलं, म्हण. तो म्हणाला ल.
सैफुल दोन दिवस प्रयत्न करत होता, ल.
दलाल तर ऐकूनच हसला.
चिनीचं मला सांगता येणार नाही.
पण एवढी कोट्यवधी तोंडं,
आणि जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची,
एवढंसं जमत नाही.
या, म्हटलं. या सगळे. बाकावर जागा आहे.

रेलकी सातपुड्यातून येते, हंगामापुरती.
एका मिनिटात वीस स्टिकर लावते, न बघता.
तिची पोर स्टिकरच्या रिकाम्या गुंडाळीची बैलगाडी करते.
परवा कंटेनरचं दार लागताना
एक सुटं केळं खाली पडलं,
पोरीनं बोट दाखवलं आणि म्हणाली,
केळ.
अख्खा ळ. गोल, ओला, टाळूवरून सुटलेला.
अंगणवाडीत उचलला, की आईच्याच बोलीतला,
मला ठाऊक नाही.
रेलकी तिला काहीतरी बोलली, हळू,
आम्हाला कळू नये इतकं हळू.
ती भाषा कितवी, हे बघायला
मी मोबाइल मागितला नाही.

केळं उचललं, शर्टाला पुसलं.
देठाचा चीक लागला,
तो आता कुठल्या साबणानं जायचा नाही.
घे, म्हटलं, केयं.
केळ, पोर म्हणाली, माझ्याकडे रोखून बघत.
माझा हात आपोआप पुढे झाला,
तळवा वर.
तिनं सावकाश केळं सोललं
आणि त्यावर साल ठेवली.